बैठ्या भूमिकाखेळाच्या वाङ्मयीन प्रेरणा : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भोरमधील कोणत्याही आळीतून चालत गेले, तर घरोघरच्या अंगणात दगड, माती आणि गोणपाट यांचे ढीग दिसतात. मुले किल्ला करीत असतात. तटावर मोहरी किंवा अळीव पेरलेले असते, पायथ्याशी विहीर असते, वर बालेकिल्ला असतो. या खेळातील एक गोष्ट प्रस्तुत लेखिकेच्या लक्षात फार उशिरा आली. महाराजांची मूर्ती एकदा सिंहासनावर बसली की दिवाळी संपेपर्यंत तिला सहसा कोणी हात लावीत नाही. मावळ्यांच्या मूर्ती मात्र सतत हलत असतात. कोणी चोरदरवाज्याने आत येतो, कोणी बुरुजावरून पडतो, कोणी फितूर ठरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इमानी होतो. महाराजांना नाव आहे, चरित्र आहे, शेवट आहे. म्हणून त्यांच्याशी खेळता येत नाही. मावळ्याला यांपैकी काहीच नाही, म्हणून सारा खेळ त्याच्याभोवती फिरतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य या निरीक्षणातच आहे. पाश्चात्त्य देशांत गेल्या पन्नास वर्षांत रुजलेला आणि आता पुण्या-मुंबईच्या तरुणांतही परिचित झालेला एक कथनप्रकार आहे. त्याला आपण ‘बैठा भूमिकाखेळ’ म्हणू. चार-सहा माणसे एका मेजाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. एकजण सूत्रधार असतो. तो जग, ऋतू, वाटा आणि इतर सर्व पात्रे सांभाळतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या वतीने बोलतात, निर्णय घेतात. कृती सफल होईल की नाही अशी शंका आली की फासे टाकतात. प्रेक्षक नसतो, संहिता नसते, शेवट ठरलेला नसतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील पहिला छापील खेळ मानला जातो. तो युद्धाच्या पटावरील खेळांतून निघाला. पटावर सैन्याच्या तुकड्या हलविणारे लोक एका एका सैनिकाकडे पाहू लागले, त्याला नाव देऊ लागले, आणि खेळाचे कथेत रूपांतर झाले. अंगणातल्या किल्ल्यावर घडते ते याहून फारसे निराळे नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकारात रस वाटावा असा प्रश्न प्रेरणांचा आहे. असा खेळ रचणारा माणूस वाङ्मयातून नेमके काय उचलतो? गायगॅक्सने १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथाच्या शेवटी आपल्या वाचनाची एक यादीच परिशिष्ट म्हणून जोडली आहे. रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, लव्हक्राफ्ट, टोल्कीन ही नावे तीत आहेत. मात्र यादीच्या आरंभी तो वडिलांनी लहानपणी रचून सांगितलेल्या गोष्टींचे आणि शेकड्यांनी वाचलेल्या चित्रकथांचे ऋण मान्य करतो. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. शिवाय यादी बारकाईने पाहिली तर ध्यानात येते की या लेखकांकडून त्याने कथानके क्वचितच घेतली. जॅक व्हान्सकडून त्याने घेतली ती एक अट : मांत्रिकाने मंत्र एकदा वापरला की तो त्याच्या स्मरणातून जातो. एवढ्या एका अटीने हजारो नव्या कथा शक्य झाल्या. व्हान्सचे कथानक घेतले असते तर एकच कथा पुन्हा सांगता आली असती.

तेव्हा कथानक ही खेळाची प्रेरणा नव्हे. खेळाला कथेकडून दोन गोष्टी हव्या असतात : कोणीतरी येऊन भरावी अशी रिकामी जागा, आणि त्या जागेत उभे राहून बोलता येतील असे शब्द. या दोन कसोट्या घेऊन मराठी परंपरेकडे पाहिले तर काय हाती लागते, ते आता पाहू.

रिकाम्या जागेचे उत्तम उदाहरण म्हणजे वेताळ. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० ची; म्हणजे मराठी मुद्रित गद्याच्या अगदी आरंभकाळातली. पुढे ‘चांदोबा’ मासिकाने विक्रम आणि वेताळ घरोघर पोहोचविले. या कथांचा रूपबंध असा : वेताळ गोष्ट सांगतो आणि ऐन निर्णयाच्या क्षणी थांबतो. उत्तर ठाऊक असूनही राजाने मौन पाळले तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. उत्तर दिले तर वेताळ निसटून पुन्हा झाडावर लोंबकळणार. म्हणजे श्रोत्याने निर्णय दिल्याखेरीज सुटका नाही, आणि निर्णय दिला की प्रवास पुन्हा पहिल्यापासून. बैठ्या खेळातील सूत्रधार दर पाच मिनिटांनी हेच करतो. तो ‘आता तुम्ही काय करता?’ असे विचारून थांबतो.

याच नावाचा दुसरा वेताळ चित्रकथांतला. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. ते १९९० पर्यंत चालले. त्यातील ली फॉकचा मुखवटेधारी नायक देशी आवृत्त्यांत ‘वेताळ’ झाला. अनुवादकाला यात कदाचित एक सोयीचे नाव एवढेच दिसले असेल. पण ज्या मुलाच्या गावच्या वेशीवर शेंदूर फासलेला वेताळ बसलेला आहे, त्याच्या मनात या एका नावाने दोन जगे जोडली गेली. परका नायक गावच्या रखवालदाराच्या जागी येऊन बसला. चित्रकथेचे आणखी एक सामर्थ्य आहे, ते दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीचे. पहिल्या चौकटीत उगारलेली तलवार, दुसरीत पडलेला माणूस. मधला घाव वाचकाने मनात घालायचा. १९६७ मध्ये अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ मालिकेवर आपल्याकडील समीक्षकांनी इतिहासाच्या सुलभीकरणाचा आक्षेप घेतला आहे, आणि तो रास्त आहे. परंतु अंगणात किल्ला करणाऱ्या मुलाला पोशाख, पागोटे आणि तटाचा आकार कोठून मिळाला असे विचारले, तर इतिहासग्रंथांपेक्षा या चित्रांकडेच बोट जाईल.

प्रयोगाच्या परंपरांविषयी फार लिहिण्याची गरज नाही; वाचकांना त्या ठाऊक आहेत. सिंधुदुर्गातील आणि गोव्यातील दशावतारात नट प्रयोगापूर्वी कथानकाचा सांगाडा ठरवून घेतात आणि संवाद रंगमंचावर उत्स्फूर्तपणे बोलतात. एकनाथांच्या भारुडांत जोशी, वासुदेव, गारुडी, वेडी असे एकेक सोंग घेऊन बोलणे आहे. मात्र एक फरक नोंदविला पाहिजे. भारुडातील सोंग शेवटी परमार्थाकडे वळते, ते कोठे पोहोचणार हे श्रोत्याला आधीच माहीत असते. दशावतारातही देवाचा जय अटळ आहे. बैठ्या खेळात अशी हमी नसते. त्यामुळे या प्रकारांकडून कौशल्य घेता येते, रिकामी जागा मिळेलच असे नाही.

खरी श्रीमंती आहे ती शब्दांच्या बाजूस. कल्पित विश्वे रचणाऱ्यांत भाषा घडविण्याचा छंद सर्वत्र दिसतो. टोल्कीनने आपल्या कथांविषयी सांगून ठेवले आहे की भाषा आधी झाल्या आणि त्या बोलणाऱ्यांना राहायला जग हवे म्हणून कथा आल्या. भूमिकाखेळांच्या इतिहासात याच मार्गाने गेलेला दुसरा अभ्यासक आपल्या उपखंडाशी जोडलेला आहे. मुहम्मद अब्द-अल-रहमान बार्कर हा अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचा प्राध्यापक होता. उर्दूच्या अध्यापनासाठी त्याने तयार केलेला पाठ्यक्रम प्रसिद्ध आहे. १९७५ मध्ये त्याचा ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ हा खेळ आला. त्यातील टेकुमेल या विश्वासाठी त्याने त्सोल्यानी नावाची भाषा व्याकरण आणि लिपी यांसह रचली. युरोपीय सरदार आणि राक्षस यांच्यापलीकडचे जग उभे करणारा म्हणून त्याचा मोठा गौरव झाला. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच्या वारशाची देखभाल करणाऱ्या प्रतिष्ठानाने मान्य केले की १९९१ मध्ये टोपणनावाने आलेली एक नाझीधार्जिणी कादंबरी त्याचीच होती. परक्या भाषांवरील प्रेम माणसाला आपोआप उदार करीत नाही, हे यावरून ध्यानात ठेवावे.

मराठीत घडविलेल्या भाषांचा हेतू बहुधा लपविण्याचा राहिला आहे. शाळकरी मुलांची ‘च’ची भाषा सर्वांना आठवत असेल, पहिल्या अक्षराच्या जागी ‘च’ आणायचा आणि मूळ व्यंजन शब्दाच्या शेवटी टाकायचे, म्हणजे ‘मी घरी जातो’ याचे ‘चीम चरीघ चातोज’ होते. व्यापाऱ्यांच्या नंदभाषेत आकड्यांना वेगळी नावे देऊन गिऱ्हाइकासमोरच भाव ठरविला जाई. बोटांच्या खुणांची करपल्लवी होती. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या उलगडल्या आणि प्राचीन मराठी गद्याचा केवढा साठा उजेडात आला! खेळाच्या दृष्टीने अशी लपविणारी भाषा संपूर्ण व्याकरणाच्या भाषेपेक्षा अधिक उपयोगी असते असे माझे मत आहे. त्सोल्यानीचे व्याकरण किती खेळाडू शिकले असतील? ‘च’ची भाषा मात्र पाच मिनिटांत येते, आणि ती न येणारा माणूस त्याच क्षणी परका ठरतो. बहिर्जी नाईकाच्या गुप्त भाषेच्या कथा लोकांनी का रचल्या असाव्यात, तेही यावरून कळते. अस्सल साधनांत त्याच्याविषयी फार थोडे आहे, आणि तेवढ्यामुळेच जागा मोकळी राहिली.

परंतु लपविण्यासाठी नव्हे तर जग उभारण्यासाठी शब्द घडविल्याचे एक थोर उदाहरण मराठीच्या इतिहासात आहे, आणि ते भोरच्या दारातले आहे. शिवराज्याभिषेकाच्या काळात रघुनाथपंडिताच्या नावे असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. दरबारात रूढ असलेल्या सुमारे चौदाशे फारसी-दखनी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. त्याचे दहा वर्ग पाहावेत : राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग. आज कल्पित विश्व रचू पाहणाऱ्या कोणालाही याहून चांगली अनुक्रमणिका सुचणार नाही. राज्य नवे असेल तर त्याची नावे नवी हवीत, ही जाण त्यामागे आहे. पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य आणि सुरनिसाचा सचिव झाला तो १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास. भोर संस्थानाचे अधिपती म्हणजे पंतसचिव. शंकराजी नारायणांपासून १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत या घराण्याने जे नाम मिरविले, तो एक घडविलेला शब्द होता. गावातील किती लोकांना ‘सचिव’ या शब्दाच्या पोटात ‘सुरनीस’ दडला आहे याची कल्पना असेल? नावे बदलण्याची ही क्रिया संपलेली नाही. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला.

वेल्ह्याच्या बाजूस हीच समृद्धी भूगोलात आहे. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, सुवेळेवरचे नेढे, संजीवनीची दुहेरी तटबंदी; तोरण्याच्या झुंजार आणि बुधला माच्या, बिनी दरवाजा, मेंगाईचे देऊळ. टाके, देवडी, जंग्या, चोरदिंडी हे शब्द ज्या मुलाच्या तोंडी सहज आहेत, त्याला इंग्रजी खेळातील तळघरांची नावे उसनी घेण्याचे कारण नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरण तर खेळाच्या नियमपुस्तकासारखे वाचता येते. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एकच दरवाजा हा दोष समजावा, चोरवाटा राखाव्यात, अशा त्यातील सूचना आहेत. प्रत्येक सूचनेच्या मागे ती न पाळल्यास काय होईल अशी एक कथा उभी आहे, आणि अमात्यांनी ती सांगितलेली नाही.

या विचारांची परीक्षा घेण्याचा एक लहानसा प्रसंग वर्गात आला. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘आज्ञापत्र’ शिकवीत असताना मजकूर कोरडा वाटतो अशी तक्रार आली, तेव्हा पाच जणांना घेऊन दुपारच्या रिकाम्या तासांना हा खेळ मांडला. फाशांऐवजी चार कवड्या घेतल्या. काळ १६५९ च्या पावसाळ्याचा. अफजलखानाची स्वारी निघाली आहे; मावळातील देशमुखांना खानाला सामील होण्याची आदिलशाही फर्माने येत आहेत. हा काळ निवडण्यास कारण होते. भोर तालुक्यातील कारीचे कान्होजी जेधे फर्मान घेऊन शिवाजीराजांकडे गेले; त्याच तालुक्यातील उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाच्या बाजूस गेले. एका खोऱ्यातील दोन घराणी, दोन निर्णय. पुढे जेध्यांनीच खोपड्यांच्या प्राणांसाठी रदबदली केली. जेध्यांकडील दोन साधने आपल्यापुढे आहेत. करीन्यात हा प्रसंग विस्ताराने, संवादांसह येतो. शकावलीत मात्र शक, महिना आणि एखादी त्रोटक ओळ, एवढेच असते. वाचनाला करीना सरस, खेळाला शकावली. करीन्यात कान्होजी काय बोलले ते लिहिलेले आहे, शकावलीच्या दोन ओळींमध्ये मात्र एक अख्खी वाडी राहू शकते.

म्हणून आम्ही देशमुखांना किंवा महाराजांना खेळात घेतलेच नाही. नीरेच्या पलीकडे एक कल्पित वाडी धरली आणि तिच्यातील माणसे वाटून घेतली : पाथरवट, धनगरीण, देशमुखाच्या वाड्यावरचा कारकून, नदीवरचा नावाडी, आणि फर्मान घेऊन येणारा विजापूरचा हरकारा. शेवटच्या भूमिकेपाशी अडले. ज्याच्या वाट्याला ती आली तो विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, मी विजापूरकराचा माणूस होणार नाही. घरी कळलं तर काय म्हणतील?” हे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. या परिसरात इतिहास अजून आडनावांतून वावरतो. खेळातील भूमिका आणि खेळणारा यांच्यातील भिंत किती पातळ असते, हे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शिकविणाऱ्याला वेगळे सांगायला नको. १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या या नाटकात वेळ घालविण्यासाठी मांडलेला अभिरूप खटला बेणारेबाईंचा खरा खटला होतो, कारण खेळ कोणी थांबवावा याचा नियमच ठरलेला नसतो. आम्ही तो नियम आधी केला : कोणीही, केव्हाही, कारण न देता खेळ थांबवू शकेल. मग वर्गातील एका मुलीने हरकाऱ्याची भूमिका मागून घेतली. तिचे म्हणणे असे की हरकारा फर्मान लिहीत नाही, नुसते पोहोचवितो. त्यालाही घर असेल.

दुसऱ्या दिवशी कारकून झालेला विद्यार्थी ऐटीत म्हणाला, “हे सचिवांना कळवले पाहिजे.” हरकारा झालेल्या मुलीने त्याला तिथल्या तिथे अडविले. १६५९ मध्ये सचिव कोठून आला? सुरनीस म्हण. वर्गात एकदम शांतता झाली आणि मग अर्धा तास कोशाची प्रत हातोहात फिरत राहिली. कारकुनाच्या तोंडी कोणते शब्द शोभतील, धनगरिणीच्या तोंडी कोणते येणारच नाहीत, यावर वाद झाला. राज्यव्यवहारकोशावर मी आजवर जी व्याख्याने दिली, त्यांपैकी एकानेही हे साधले नव्हते. धनगरीण झालेल्या विद्यार्थिनीने एक शंका काढली, तिचे उत्तर मला अद्याप देता आलेले नाही. दरबारातले शब्द बदलले तेव्हा वाडीतल्या लोकांना ते कोणी कळविले?

पाथरवटाने वाडीच्या पाण्याविषयी जे प्रश्न विचारले ते थेट दुर्गप्रकरणातून आले होते. भाटघर जलाशयात पाणी उतरले की उन्हाळ्यात उघडे पडणारे कांबऱ्याचे देऊळ त्याने पाहिलेले होते, आणि आमच्या कल्पित वाडीच्या देवळाला त्याने तेच रूप दिले. कारकुनाने हरकाऱ्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचे, पाथरवट आणि धनगरीण यांनी ‘च’च्या भाषेत निरोप पोहोचवायचा, असा बेत ठरला. हरकाऱ्याला ती भाषा येत नसल्याचे सर्वांनी गृहीत धरले होते. मुलीने मात्र ते कबूल केले नाही की नाकारलेही नाही.

तिसऱ्या दुपारी नीरेला पूर आला. हरकारा फर्मान कनातीच्या तुकड्यात गुंडाळून काठावर उभा राहिला आणि नावाड्याला म्हणाला की पलीकडे ने. नावाडी झालेल्या विद्यार्थ्याने कवड्या उचलल्या, बराच वेळ मुठीत धरून ठेवल्या, आणि पुन्हा खाली ठेवल्या. त्याने कोणतेच कारण दिले नाही. नियमाप्रमाणे आम्ही तेथे थांबलो. नंतर परीक्षा लागल्या. फर्मान अजून अलीकडच्या तीरावर आहे.